शनिवार-रविवारचा समुद्र : परदेशात इंग्रजी शिकवणाऱ्यांचे प्रश्न

थायलंड-व्हिएतनामच्या शाळांत इंग्रजी शिकवायला गेलेली आपल्याकडची मुलं-मुली सुट्टी मिळाली की समुद्र गाठतात, आणि इकडं घरच्यांचा जीव टांगणीला लागतो. मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांपैकी एकालाही समुद्र नाही. त्यामुळं आलेल्या पत्रांतले प्रश्नही खास आपल्या भागातले आहेत. निवडक प्रश्न पुढं दिले आहेत. पत्रलेखकांच्या नावांऐवजी फक्त गाव छापलं आहे.

प्रश्न : मी बँकॉकच्या शाळेत शिकवते. शुक्रवारी साडेचारला सुटते आणि सोमवारी सकाळी आठच्या झेंडावंदनाला हजर राहावंच लागतं. एवढ्या वेळात को समेत बेट नीट बघून होईल का? — शिक्षिका, मूळ गाव अंबाजोगाई

उत्तर : होईल. फक्त शुक्रवारी रात्रीच बेटावर पोहोचायचा हट्ट धरू नका. एकामाईच्या बस स्थानकावरून (स्कायट्रेनचं त्याच नावाचं स्टेशन जवळच आहे) बेटाच्या बोटी सुटतात त्या बान फे धक्क्यापर्यंत थेट बस जाते. रस्ता मोकळा असेल तर साडेतीन-चार तास लागतात, पण शुक्रवारी संध्याकाळी बँकॉकमधून बाहेर पडण्यातच दीड-दोन तास जास्तीचे जातात. नेहमीच्या मोठ्या बोटी साधारण संध्याकाळी पाच-सहापर्यंतच असतात. त्यानंतर उरते ती स्पीडबोट. ती एकटीनं केली तर हजारो बाटांच्या (बाट म्हणजे थाई चलन) घरात जाते आणि अंधारात लाटांवर आपटत नेते.

म्हणून शुक्रवारची रात्र बान फेमध्येच साध्या खोलीत काढा. सकाळी आठच्या सुमारास बोट धरली की अर्ध्या-पाऊण तासात बेटावर. शनिवारी सकाळी बँकॉकहून निघालात तर नेमक्या भर दुपारी पोहोचाल. तेव्हा वाळूवर पाय ठेववत नाही आणि खोलीही दोनच्या आधी मिळत नाही, म्हणजे अर्धा शनिवार वाया.

बोटीचं तिकीट एकाच बाजूचं घ्या. परतीचं तिकीट त्याच कंपनीच्या बोटीला बांधलेलं असतं आणि ती बोट नेमकी तुमच्या वेळेला नसते. उलट बँकॉकच्या बसचं रविवारचं तिकीट मात्र शनिवारी सकाळी बान फेलाच काढून ठेवा. बेट राष्ट्रीय उद्यानात येतं, त्यामुळं परदेशी प्रौढांना २०० बाट प्रवेश शुल्क पडतं. वर्क परमिट दाखवून स्थानिक दर मिळतो का, हे विचारून बघा. दिला तर त्यांची मर्जी, तो आपला हक्क नाही. शुल्काची पावती जपून ठेवा, आत पुन्हा विचारतात.

उतरायचा मुख्य धक्का ना दान. तिथून हिरव्या सोंगथाएव, म्हणजे बाकं टाकलेल्या पिकअप गाड्या, सगळ्या किनाऱ्यांना जातात. हाट साय काएओ सगळ्यात जवळचा, वाळू पांढरी, पण रात्री गाणी-बजावणी जोरात. झोप हवी असेल तर आओ वोंग दुआन किंवा त्याच्याही पुढचा आओ थिआन बघा. एकाच रात्रीचा मुक्काम असेल तर बेटाच्या पार दक्षिण टोकाला जाऊ नका, रविवारी परत यायला जड जातं.

आता रविवार. सगळी फजिती इथंच होते. चारच्या बोटीनं निघू म्हणून लोक बसून राहतात, दुपारनंतर वारा उठतो, बोट उशिरा सुटते किंवा सुटतच नाही. मग सोमवारी आठला वर्गात कुणी नाही, आणि खाजगी शाळा त्या दिवसाचा पगार कापते. अकराची, फार तर बाराची बोट धरा. पाच-सहापर्यंत घरी पोहोचाल, कपडे वाळतील, सोमवारच्या पाठाची तयारीही होईल. निघण्याच्या आदल्या दिवशी थाई हवामान खात्याच्या ११८२ या क्रमांकावर फोन करून विचारा. लहान बोटींनी किनाऱ्यालाच राहावं असा इशारा असेल तर त्या आठवड्याचा बेत रद्द करा. समुद्र पुढच्या शनिवारीही तिथंच असतो.

प्रश्न : आमचं पोरगं लहानपणापासून विहिरीत पोहतं. पन्नास फुटांवरून मुटका मारतं, तळाचा दगड काढून आणतं. आता ऑगस्टमध्ये मित्रांबरोबर फुकेतला समुद्रावर जायचं म्हणतंय. त्याच्या आईला घोर लागलाय. पोहता येतं म्हणल्यावर काळजी करायची का? — वडील, उदगीर तालुका

उत्तर : करायची, आणि आईचं बरोबर आहे. हे उत्तर जसंच्या तसं मुलाला पाठवा.

विहिरीचं पाणी जागचं हलत नाही आणि चार हात मारले की कडा हाताला लागते. समुद्रात कडा नाही आणि पाणी तुम्हाला घेऊन चालतं. लाटा सतत किनाऱ्यावर पाणी आणून टाकतात. ते पाणी परत जायला वाट शोधतं. पाण्याखालच्या वाळूच्या बांधात जिथं खिंड असेल तिथून ते अरुंद, वेगवान पट्ट्यानं आत ओढलं जातं. याला रिप करंट म्हणतात. त्याचा नेहमीचा वेग सेकंदाला अर्धा मीटरच्या आसपास असतो, जोराचा असेल तर दोन मीटरच्याही वर जातो. विहिरीत तयार झालेला चांगला पोहणारा सेकंदाला एक मीटरही सलग कापत नाही. म्हणजे ओढीच्या विरुद्ध हात मारत राहिला तर तो जागच्या जागी थकणार. माणसं बुडतात ती या थकव्यानं. ही ओढ तळाला खेचत नाही, आत नेते, आणि लाटा फुटतात त्या पट्ट्याच्या पलीकडं गेलं की बहुधा तिचा जोर सरतो.

त्यामुळं सापडलं तर करायचं ते असं. आधी पाठीवर तरंगायचं आणि श्वास सावरायचा. खारं पाणी विहिरीच्या पाण्यापेक्षा अंगाला जास्त उचलून धरतं, याचा इथं फायदा होतो. एक हात वर करून मदत मागायची. थाई भाषेत ‘च्वाय दुआय’ म्हणायचं. मग किनाऱ्याला समांतर, डावीकडं किंवा उजवीकडं पोहायचं, आणि जिथं पांढऱ्या लाटा फुटत असतील तिथून त्या लाटांबरोबर तिरपं बाहेर यायचं. बाहेर पडता येत नसेल तर नुसतं तरंगत राहायचं. सरळ किनाऱ्याकडं तोंड करून झुंजायचं नाही.

ओढ ओळखायची कशी, हे त्याहून महत्त्वाचं. पाण्यात उतरण्याआधी जरा उंचावर दहा मिनिटं उभं राहायचं. सगळीकडं लाटा फुटत असताना मध्येच एक पट्टा शांत, जरा गडद दिसतो. कधी त्यात गढूळ वाळू किंवा फेस आत वाहताना दिसतो. नवखा माणूस ‘इथं लाटा नाहीत’ म्हणून नेमका तिथंच उतरतो. तो पट्टाच ओढीचा असतो. लाल बावटा असेल तर गुडघाभर पाण्यातही जायचं नाही. वर लाल, खाली पिवळा असे दोन बावटे असतील तर त्या दोन काठ्यांच्या मधल्याच जागेत पोहायचं.

आणि मुटका, सूर हे प्रकार गावाकडंच ठेवायचे. विहिरीत तीस-चाळीस फूट पाणी असतं म्हणून ते जमतं. समुद्राच्या लाटेत आत्ता छातीभर दिसलेलं पाणी पुढच्या क्षणी मांडीएवढं होतं. डोकं वाळूवर आपटलं तर मान मोडते आणि मानेखालचं अंग कायमचं जातं. बोटीवरून किंवा खडकावरून डोक्यावर उडी नाहीच नाही.

सोबतचा मित्र ओढीत सापडला तर त्याच्या मागं उडी टाकू नये. एकाला वाचवताना दुसरा जातो, हे नेहमीचं आहे. रिकामा कॅन, झाकण लावलेला बर्फाचा डबा, जे तरंगेल ते फेकावं आणि जीवरक्षकाला बोलवावं. तातडीच्या वैद्यकीय मदतीचा क्रमांक १६६९, पर्यटक पोलिसांचा ११५५. दारू घेऊन पाण्यात उतरायचं नाही, हे मुलाला स्पष्ट शब्दांत सांगा. लाजू नका.

राहिला ऑगस्टचा प्रश्न. मे ते ऑक्टोबर नैऋत्य मान्सूनचे वारे थेट फुकेतच्या पश्चिम किनाऱ्यावर येतात. पातोंग, कारोन, काता या किनाऱ्यांवर याच दिवसांत ओढी तयार होतात आणि दरवर्षी पर्यटक बुडतात. बेत बदलायला सांगा. थायलंडच्या आखाताच्या बाजूचं को समुई ऑगस्टमध्ये त्या मानानं बरं असतं. तिथला जोराचा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरचा.

प्रश्न : को फा-न्गानला जेलीफिश चावून माणसं मेली असं ऐकलं. खरं आहे का? सोबत कुठलं औषध न्यावं? — परभणी

उत्तर : खरं आहे. समुई आणि फा-न्गानच्या पाण्यात बॉक्स जेलीफिशच्या डंखानं मृत्यू झाल्याच्या नोंदी आहेत. तिचं अंग पारदर्शक असतं, पाण्यात दिसत नाही. मोठ्या जातीचा डंख जास्त जागी बसला तर काही मिनिटांत हृदय बंद पडू शकतं. पावसाळी महिन्यांत धोका जास्त.

औषध म्हणजे साधं पांढरं व्हिनेगर, ४ ते ६ टक्क्यांचं. थायलंडच्या किराणा दुकानात ‘नाम सोम साय चू’ म्हणून मागा. अर्धा लिटरची बाटली पुरते. बऱ्याच किनाऱ्यांवर ते खांबाला बाटलीत लावून ठेवलेलं असतं. खोलीतून निघाल्यावर तो खांब कुठं आहे हे आधी बघून घ्या. डंख झाला की माणसाला पाण्याबाहेर काढा, जागेवर न चोळता निदान ३० सेकंद व्हिनेगर ओता, मग अंगाला चिकटलेले तिचे धागे चिमट्यानं काढा. गोडं पाणी ओतू नका, वाळू घासू नका, लघवीचा उपाय तर मुळीच नको. अंगाला चिकटलेल्या धाग्यांत न फुटलेल्या विषाच्या हजारो कुप्या असतात. गोड्या पाण्यानं आणि घासण्यानं त्या फुटतात, व्हिनेगर त्यांना फुटू देत नाही. झालेली आग मात्र व्हिनेगरनं कमी होत नाही, त्यामुळं ‘उपयोग झाला नाही’ म्हणून ओतणं थांबवू नये. माणूस श्वास घेत नसेल तर लगेच छाती दाबायला सुरुवात करा आणि १६६९ला फोन लावायला दुसऱ्याला सांगा.

बचाव म्हणून मनगटापासून घोट्यापर्यंत अंगाला घट्ट बसणारा पातळ लायक्राचा पोशाख घाला. धागे कापडातून बहुतेक टोचत नाहीत.

प्रश्न : मी हो ची मिन्ह सिटीत शिकवतो. व्हुंग ताऊच्या किनाऱ्यावर स्कूटरनं जायचा विचार आहे. लातूरच्या आरटीओतून काढलेला आंतरराष्ट्रीय परवाना जवळ आहे, चालेल ना? — शिक्षक, मूळ गाव औसा

उत्तर : नाही चालणार. भारतात मिळणारा आंतरराष्ट्रीय परवाना १९४९च्या जिनिव्हा कराराचा आहे. व्हिएतनाम १९६८च्या व्हिएन्ना कराराचा परवाना मानतो. बरेच जण इथंच फसतात, कारण भाड्यानं गाडी देणारा काहीच विचारत नाही. अपघात झाल्यावर विमा कंपनी विचारते, आणि परवाना वैध नसेल तर दवाखान्याचा सगळा खर्च खिशातून जातो. व्हिएतनामी परवाना हातात येईपर्यंत बसनं जा. रस्ता शंभर किलोमीटरच्या आसपास, दोन-अडीच तासांचा. साईगाव नदीवरच्या बाक दांग धक्क्यावरून जलद बोटही जाते, साधारण दोन तासांत. शिवाय तिथं वाहतूक उजव्या बाजूनं आहे, आपल्या सवयीच्या उलट. मोकळ्या रस्त्यावर वळताना हात आपोआप डावीकडं जातो.

थायलंडमध्ये मात्र हाच परवाना चालतो आणि वाहतूकही आपल्यासारखी डावीकडून आहे. त्यावर मोटारसायकलच्या रकान्यात शिक्का आहे ना, ते आरटीओतून बाहेर पडण्याआधी बघा. नुसता कारचा शिक्का असेल तर स्कूटरला त्याचा उपयोग नाही. शुल्क १००० रुपये, मुदत एक वर्ष. तिकडं गेल्यावर काढणं अवघड, म्हणून गावातून निघण्याआधीच काढा.

गाडी भाड्यानं घेताना पासपोर्ट तारण ठेवू नका. रोख अनामत द्या. चारही बाजूंचे ओरखडे मोबाइलवर टिपून घ्या, नाहीतर जुन्या ओरखड्याचे पैसे तुमच्याकडून वसूल होतील. उतरताना डाव्या बाजूनंच उतरा. सायलेन्सर उजवीकडं असतो आणि अर्ध्या चड्डीतली पोटरी त्याला लागली की महिनाभराची जखम. खाऱ्या पाण्यात जाणं त्या दिवशीच संपलं. बेटावरच्या उतारांवर वाळू पसरलेली असते. तिथं पुढचा ब्रेक जोरात दाबला की चाक सरकतं.

प्रश्न : हाट याईच्या शाळेत आहे. दोन दिवसांसाठी मलेशियातल्या लंकावीला जाऊन आलो तर कागदपत्रांचं काही होईल का? — मूळ गाव वसमत

उत्तर : सगळं घालवून बसाल, आधी री-एन्ट्री परमिट (परत येण्याचा परवाना) घेतलं नाही तर. नोकरीच्या जोरावर थायलंडमध्ये राहण्याची जी मुदतवाढ मिळाली आहे ती परमिटशिवाय सीमा ओलांडताच रद्द होते. परत पर्यटक म्हणून आत याल, पण पर्यटकाला शिकवता येत नाही. मग व्हिसा पहिल्यापासून. इमिग्रेशन कार्यालयात टीएम ८ अर्ज, पासपोर्ट, फोटो आणि शुल्क एवढंच लागतं. एकदाच बाहेर जायचं असेल तर १००० बाट, मुदतीत कितीही वेळा जायचं असेल तर ३८०० बाट. कार्यालय शनिवारी-रविवारी बंद, म्हणून बुधवार-गुरुवारीच काम उरका. परत येताना थायलंडचं डिजिटल आगमन कार्डही भरावं लागतं. ते प्रवासाआधीच्या तीन दिवसांत भरायचं आणि ते मोफत आहे. पैसे मागणाऱ्या संकेतस्थळांवर भरू नका.

देशातल्या देशात समुद्रावर जायला यातलं काहीच लागत नाही. फक्त मूळ पासपोर्ट सोबत असू द्या, खोली घेताना लागतो.

प्रश्न : लेकीकडं हुआ हिनला चालले आहे. समुद्रात जाताना नऊवारी-सहावारीचं काय करायचं? तिकडं अंगभर कपड्यांत पोहलं तर लोक हसतात का? — आई, माजलगाव

उत्तर : ताई, कुणी हसत नाही. थाई लोक स्वतःच टी-शर्ट आणि चड्डी घालून समुद्रात उतरतात. साडीत मात्र घोट्याच्या वर पाण्यात जाऊ नका. ओली साडी जड होते, लाट परतताना पायांत गुंडाळते आणि माणूस गुडघाभर पाण्यात पडतो. सुती सलवार आणि ओढणीचंही तसंच. लेकीला नायलॉनची लांब बाह्यांची पोहण्याची बंडी आणि घट्ट पायजमा घेऊन ठेवायला सांगा. अंग झाकतं, ऊनही लागत नाही. किनाऱ्याबाहेर रस्त्यावर येताना वरून कोरडे कपडे घालावेत. लेक त्या गावात शिक्षिका आहे, तिचे विद्यार्थी आणि त्यांचे आईबाप तिथंच भेटणार.

उन्हाच्या क्रीमची बाटली घेताना मागचं लेबल वाचा. ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट असलेली क्रीमं थायलंडच्या सागरी राष्ट्रीय उद्यानांत २०२१पासून बंद आहेत, कारण त्यांनी प्रवाळ मरतात. दंड १ लाख बाटपर्यंत. झिंक ऑक्साइडचं चालतं. आणि नातवंडांसाठी तिथली प्रवाळाची कांडी पिशवीत टाकू नका.

प्रश्न : आम्ही माळकरी. बेटावर दोन दिवस खायचं काय? — नांदेड

उत्तर : ‘मांस नको’ एवढं सांगून भागत नाही, कारण नुसत्या भाजीतही माशाचं पाणी (नाम प्ला) आणि कोळंबीचा लगदा (कापी) असतो. ‘किन जे’ असं सांगा. ‘जे’ म्हणजे तिकडचा कडक शाकाहार. ‘जे’ मध्ये मांस, मासे, अंडी तर नाहीतच, कांदा-लसूणही नसतो, त्यामुळं माळकऱ्यांना सोयीचं. व्हिएतनाममध्ये ‘आन चाय’. तरी लहान बेटावर भरवसा ठेवू नये. सोबत दुधात भिजवलेल्या दशम्या न्या, दमट हवेतही दुसऱ्या दिवसापर्यंत टिकतात, पूर्ण गार करून मगच बांधल्या तर. दह्यातले धपाटे तिथं पहिल्याच संध्याकाळी आंबतात. शेंगदाण्याची कोरडी चटणी बरी, ओला ठेचा नको. ज्वारीचं पीठ बँकॉकच्या फाहुरात भागातल्या भारतीय दुकानांत विचारा.

प्रश्न : मे महिन्यात नोकरीवर रुजू व्हायचं आहे. इथं समुद्र नाही, मग जायच्या आधी सराव कसा करावा? — डी.एड. झालेली वाचक, हिंगोली

उत्तर : जिल्ह्याच्या ठिकाणच्या तरण तलावात, प्रशिक्षकासमोर. वेगानं पोहायचा नाही, तरंगायचा सराव करा. पाठीवर पडून, हातपाय जवळजवळ न हलवता दहा मिनिटं राहता आलं पाहिजे. ते जमलं की तेच अंगात टी-शर्ट आणि पायजमा घालून करा, कारण ओल्या कपड्यांचं वजन आल्यावर घाबरगुंडी उडते आणि ती तलावात उडालेली बरी. मग तोंडावर कुणाला तरी पाणी उडवायला लावा आणि श्वास न तोडता तरंगत राहा. शेवटी दमेपर्यंत पोहा आणि दमल्यावर काठ न धरता पाठीवर वळा. हे वळणं आपोआप झालं पाहिजे. विहिरीत एकटीनं सराव नको, आणि पावसाळ्यात कोकणच्या किनाऱ्यावर जाऊन तर नकोच. गणपतीपुळ्याला चांगले पोहणारेही ओढीत गेले आहेत. एप्रिलअखेरपर्यंत एवढं बसलं की तिकडच्या पहिल्या समुद्रावर कंबरेइतक्या पाण्यात, बावट्यांच्या मध्ये, सोबत माणूस ठेवून सुरुवात करा.